नवशिक्या गुरुजींसाठी चामोर्शी : सण, सुट्ट्या आणि मधले दिवस

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरताना यादीचा शेवट मोकळा दिसू नये म्हणून ज्यांनी 'गडचिरोली' टाकलं आणि नेमकं तेच ज्यांना लागलं, अशा सर्व तरुण गुरुजींसाठी आणि मॅडमसाठी. तुम्ही साताऱ्याचे असा, बीडचे असा की नाशिकचे, इथे पोहोचताच तुम्ही 'पुण्याकडचे' होता. हरकत घेऊ नये. काल-परवापर्यंत तुम्हीही नागपूरच्या पुढच्या सगळ्या मुलखाला 'तिकडे' म्हणत होता.

वाचायला बसण्यापूर्वी पुढील साहित्य जमवावं : मच्छरदाणी एक, मोटारसायकल एक (चिखलातून एकट्याने ढकलता येईल इतकी हलकी), पांढरा शर्ट एक (कारण योग्य ठिकाणी येईल), आणि 'बदलीचं काय झालं?' या घरच्या प्रश्नावर दर रविवारी फोनवर देता येईल असं एक उत्तर.

१. पोहोचणे

महाराष्ट्राचा नकाशा घ्यावा आणि उजव्या टोकापर्यंत उलगडावा. टीव्हीवर हवामान सांगणारी व्यक्ती उभी राहिली की तिच्या पाठीमागे जो भाग झाकला जातो, तो आपला जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपूरपासून वेगळा झाला. चालू रेल्वे स्टेशन जिल्ह्यात एकच, देसाईगंज म्हणजे वडसा, आणि तेही उत्तरेच्या टोकाला. त्यामुळे कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसावं. ही गाडी महाराष्ट्रात सुटते, महाराष्ट्रात संपते आणि मधल्या वेळात महाराष्ट्र केवढा आहे हे तुमच्या पाठीला समजावून सांगते. सांगली, कऱ्हाड, सातारा, पुणे, मनमाड, भुसावळ करत नागपूरला उतरावं. तिथून एसटीने उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोली. गडचिरोलीहून दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर चामोर्शी. तिथून तुमची शाळा किती लांब, हे ज्याला विचाराल तो 'इथंच आहे जी' म्हणेल. हे अंतराचं माप नसून दिलासा आहे.

वाटेत दुबईला असलेल्या मावसभावाचा विचार करू नये. तो तीनेक तासांत विमानाने मुंबईत उतरतो आणि त्याला सगळे 'परदेशात असतो' म्हणतात. तुम्ही घरी जायला दीड-दोन दिवस घेता आणि तुमच्याबद्दल 'इथंच आहे, आपल्या महाराष्ट्रातच' असं सांगितलं जातं. विमानतळावर त्याला आणायला अख्खं घर जातं. तुम्ही स्टेशनवरून रिक्षाने या.

२. राहणे, जेवणे आणि नाही म्हणणे

खोली किरायाने घ्यावी. घरमालक पहिल्या दिवशी तीन प्रश्न विचारतील : गाव कोणतं, लग्न झालं का, नोकरी पक्की का? तिसऱ्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यावं. शिक्षणसेवक म्हणून ३ वर्षं काढायची असतात. प्राथमिकचं मानधन १ जानेवारी २०२३पासून महिना १६ हजार झालं आहे, त्याआधी ते ६ हजार होतं. आकडा ऐकून घरमालकांनी किराया थोडा कमी केला, तर तो स्वाभिमानाचा प्रश्न करू नये.

मच्छरदाणी पहिल्याच रात्री बांधावी. मलेरियाच्या बाबतीत हा जिल्हा राज्यात पुढे असतो. ताप आल्यास घरून आलेल्या काढ्याच्या कृतीवर विसंबू नये. आशाताईंकडे जाऊन बोटातलं रक्त तपासून घ्यावं. पहाटे फिरायला जाण्याची सवय असल्यास ती गावी ठेवून यावी, कारण जंगलालगतच्या वाटांवर पहाटेची वेळ वाघाने आधीच धरून ठेवलेली असते. गावकरी ज्या वेळेला ज्या वाटेने जात नाहीत, त्या वेळेला त्या वाटेने आपणही जाऊ नये. आरोग्य आणि सुरक्षा या विषयांवर याहून मोठं प्रशिक्षण तुम्हाला मिळणार नाही.

जेवणात भात असेल. सकाळी भात, रात्री भात, पाहुणे आले म्हणून जास्त भात. घरून बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ दिवाळीपर्यंत पुरवण्याचे बेत करू नयेत. पावसाळी हवेत पिठाचे बेत वेगळे असतात. त्यापेक्षा पावसाळ्यात जंगलातून आणि बांधावरून काय येतं ते पाहावं : काटवलं, तरोट्याची कोवळी पानं, कुड्याची फुलं, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते. शेजारच्या काकू वाटीभर भाजी आणून देतील. वाटी रिकामी परत करू नये. त्यात काय घालावं हे सुचत नसल्यास गावाकडून आलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर भिस्त ठेवावी.

यानंतर नाही म्हणण्याची कला. पानठेल्यावर ओळख वाढली की कोणी तरी प्लॅस्टिकच्या कागदात घोटलेला खर्रा पुढे करेल. सुपारी, तंबाखू आणि चुना यांच्या या मिश्रणावर जिल्ह्यातली निम्मी मैत्री उभी आहे. 'मी शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ देतो' हे कारण सांगावं. देणाराच हसून कागद खिशात घालतो आणि पुढच्या वेळी चहा मागवतो. दारूबद्दल एवढंच : जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे. मोहाचं झाड त्याहून जुनं आहे. शिक्षकाने आपली खुर्ची या दोन वाक्यांच्या मधोमध मांडू नये.

३. हजेरी : दोन दिनदर्शिका

शाळेच्या भिंतीवर एक दिनदर्शिका असते. दुसरी गावाच्या अंगात असते. नवशिक्या शिक्षक पहिलीवर चालतो आणि पटावर ३० असताना वर्गात ११ मुलं पाहून हादरतो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात. तुम्ही फळ्यावर सुविचार लिहून होतो न होतो तोच रोवणी, म्हणजे भातलावणी, येते. पऱ्हे उपटायचे, चिखल केलेल्या बांधीत लावायचे, आणि हे सगळं पाऊस सांगेल त्याच आठवड्यात. मोठी माणसं बांधीत गेली की घर, कोंबड्या आणि धाकटी भावंडं यांचा कार्यभार चौथीच्या विद्यार्थिनीकडे येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडू लागली की मुलं पहाटे टोपली घेऊन झाडाखाली असतात आणि सकाळच्या शाळेत पेंगतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. तेव्हा सुट्टी असते, म्हणून तो तुमच्या अहवालात येत नाही.

कृती : गैरहजर मुलाच्या घरी जावं. दाराला कडी असेल तर बांधीवर जावं. तिथे उपदेश करू नये, चिखलात पाय घालावा. एका ओळीत पऱ्हे लावता आले नाहीत की बायका जे हसतात, त्या हसण्यानंतर दुसऱ्या दिवशी हजेरी थोडी वाढते. याचं शैक्षणिक कारण आजवर कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेलं नाही.

४. पोळा, मारबत आणि तान्हा पोळा

सांगली-साताऱ्याकडच्या शिक्षकांनी आधी डोक्यातली एक नोंद खोडावी. तुमचा बेंदूर आषाढात होऊन गेलेला असतो आणि बैलांचं यंदाचं झालं असं तुम्हाला वाटत असतं. इथला पोळा श्रावण अमावास्येचा. रोवणी आटोपत आलेली असते, बैल चिखलातून बाहेर आलेले असतात आणि गावाला वर्षातली पहिली उसंत मिळालेली असते.

क्रम असा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात. कोणी तरी खड्या आवाजात झडत्या म्हणतो. त्यांत देवाचं नाव असतं आणि सरकारची, पाटलाची, पावसाची खरडपट्टीही असते. तुमच्या शाळेच्या गळक्या छपराचा उल्लेख आल्यास मान खाली घालू नये, ती गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत तक्रार पोहोचवण्याची जुनी आणि विनाखर्च पद्धत आहे. तोरण सुटलं की बैल घरोघरी येतात. बैलाच्या पायावर पाणी घालावं, ओवाळावं आणि धन्याच्या हातावर बोजारा ठेवावा. सुटे पैसे आधी जमवून ठेवावेत. पाचशेची नोट दाखवून 'सुटे नाहीत' म्हणणाऱ्या गुरुजींची झडती पुढच्या वर्षी होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाव मारबत काढतं. रोगराई, खोकला, डास, झालंच तर महागाई या सगळ्यांना आरडाओरडा करत वेशीबाहेर हाकललं जातं. झोपमोड झाली म्हणून रागावू नये. मलेरियाविरुद्धच्या मोहिमेत तुम्हीही आहात.

खरी परीक्षा त्यानंतर. तान्हा पोळा लहान मुलांचा. लाकडाचे नंदीबैल, कोणाचा चाकांवरचा, आजोबांपासून चालत आलेला, कोणाचा मातीचा, कोणाचा खोक्याचा. मुलं कृष्ण, शेतकरी, जवान अशा वेशात, आणि गर्दीत एक तरी डॉक्टर. गाव एका खुर्चीवर रुमाल टाकतं आणि तुम्हाला म्हणतं, 'बसा जी गुरुजी, नंबर तुम्हालेच काढा लागते.' तुम्हालाच का? कारण गावातल्या प्रत्येक माणसाचा नातू, भाचा किंवा पुतण्या रांगेत उभा आहे. तुमचं इथे कोणी नाही. घरापासून लांब असण्याची पात्रता उपयोगी पडणारं जगातलं हे बहुधा एकमेव पद.

परीक्षणाची पद्धत : नंदीची सजावट, मुलाचा वेश आणि म्हटलेली झडती असे तीन भाग करावेत आणि गुण कागदावर मांडावेत, म्हणजे भांडण कागदाशी होईल. सर्वांत मोठ्या नंदीला पहिला क्रमांक देऊ नये, तो सुताराला जातो. सर्वांत लहान मुलाला देऊ नये, तो आईला जातो. पहिला, दुसरा, तिसरा काढून झाल्यावर उरलेल्या सगळ्यांना पेन द्यावं. पेनाचे पैसे स्वतःच्या खिशातून जातील. हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवावा असं केंद्रप्रमुखांना विचारू नये.

इथे मार्गदर्शिकेचा एक नियम नोंदवून ठेवतो, कारण पुढची सगळी कलमं त्यावरच उभी आहेत. परमुलखात सण साजरा करायचा तर घरची आठवण, घरचा फराळ आणि घरचा व्हिडिओ कॉल यांनी भागत नाही. सणात हाताला काम लागतं. गावी आईच्या सणात तुम्ही जेवायला बसत होता, इतकंच. इथे प्रथमच कोणी तरी तुमच्यावाचून अडलेलं आहे.

५. ऑक्टोबर : तीन निमंत्रणं

नवरात्रात चामोर्शी-मुलचेरा भागातल्या बंगाली गावांत शाळा मिळाली असेल तर दुर्गापूजेला जावं. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झालेल्या कुटुंबांना १९६०-७०च्या दशकांत या भागात वसवण्यात आलं. घरात बांगला, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही, असं तुमचं विद्यार्थीमंडळ रोज तीन गावं फिरून येतं. मंडपात खिचडीचा प्रसाद मिळेल. ती शालेय पोषण आहाराच्या खिचडीपेक्षा वेगळी लागते. तुलना तोंडावर आणू नये, विशेषतः शाळेतल्या स्वयंपाकी ताई शेजारी बसल्या असताना.

१५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोक लोटतात. नागपूरच्या सोहळ्यानंतर बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, हे पश्चिमेकडच्या पुष्कळ शिक्षकांना चामोर्शीत आल्यावरच कळतं. २१ ऑक्टोबरला वीर बाबुराव शेडमाके यांचा स्मृतिदिन. १८५८ साली याच दिवशी इंग्रजांनी त्यांना चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, फाशी दिली. मुलांना हे नाव तुमच्या आधी माहीत असतं. त्यांना सांगू द्यावं आणि आपण खाली बसून ऐकावं.

६. दिवाळी : पर्याय अ आणि पर्याय ब

पर्याय अ : घरी जाणे. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. त्या सकाळी आठ वाजता गावात ज्या एका जागी नेटवर्क येतं तिथे, म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ किंवा सरपंचांच्या गच्चीवर, उभं राहावं. आठ वाजून तीन मिनिटांनी प्रतीक्षायादीतला तुमचा क्रमांक वाचून गच्चीवरून उतरावं. मग नागपूर-पुणे ट्रॅव्हल्सचं सणासुदीचं भाडं पाहावं, १६ हजारातून ते वजा करावं आणि पर्याय ब वाचावा.

पर्याय ब : इथेच राहणे. बलिप्रतिपदेला गायी सजतात, गोवारी बांधव वाजतगाजत नाचतात. मग एकेका गावाची मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे आणि दंडार हे लोकनाट्य. रात्री नाटक. झाडीपट्टीची ही रंगभूमी भाऊबीजेच्या सुमारास उभी राहते ती होळीपर्यंत हलत नाही. कंपन्यांची कार्यालयं वडशाला, आणि गाड्या रोज रात्री नव्या गावाला. याच जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मुंबई-पुण्यात नाटकाला प्रेक्षक नाहीत अशी चर्चा करायची असल्यास ती इथे करू नये. ऐकायला कोणी नसतं, सगळे नाटकाला गेलेले असतात.

नाटक पाहण्याची पद्धत : दुपारी झोपावं. रात्री शाल आणि बसायला चादर घ्यावी. जाहिरातीत वेळ नऊची असेल. साडेनऊला व्यासपीठावर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, सत्कारमूर्ती आणि विशेष अतिथी विराजमान होतील. शेवटून तिसरं नाव तुमचं आहे. हे पत्रक छापून आल्यावर तुम्हाला कळेल आणि पत्रक द्यायला आलेली मुलं वर्गणीची पावतीही सोबत आणतील. भाषणाची पाळी आल्यास एका वाक्यात आटपावं. सासूने सुनेचा छळ सुरू करण्याची गाव तास-दीड तास वाट पाहत आहे. मध्ये नाच येईल, विनोदी नट येऊन सरपंचांची फिरकी घेईल, मग पुन्हा अश्रू. पहाटे नायिकेला न्याय मिळेपर्यंत उठू नये. अर्ध्यातून उठलेल्या गुरुजींना दुसऱ्या दिवशी तिसरीची मुलं शेवट विचारतात.

इशारा : मंडईला घरोघरी पाहुणे येतात आणि पाहुण्यांबरोबर सोयरिकीचे विषयही. अविवाहित गुरुजींनी चहाला बोलावणी किती येतात याची मोजदाद ठेवावी. तुमचे आई-वडील काय करतात, शेती किती, बहिणी किती, हे प्रश्न सहज म्हणून विचारले जातील. शेवटी नोकरी पक्की व्हायला किती अवधी उरला हे विचारलं की समजावं, कोणी तरी ३ वर्षं थांबायला तयार आहे.

७. महाशिवरात्री आणि होळी

महाशिवरात्रीला मार्कंडादेवला जायचं. वैनगंगा इथे उत्तरेकडे वाहते, काठावर कोरीव दगडी देवळांचा समूह आहे, आणि लोक त्याला विदर्भाची काशी म्हणतात. १८७०च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम इथे येऊन देवळांची नोंद करून गेला. त्याने शिल्पं पाहिली. तुम्ही पालक पाहा. वर्षभर पालकसभेला न आलेले सगळे पालक यात्रेत असतात. कोणी उसाच्या रसाच्या गाड्यावर, कोणी फुगे घेऊन, कोणी आंघोळ करून ओल्या धोतरात. तेलंगणातूनही लोक येतात, त्यांना तुमच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकाशी देणंघेणं नाही, एवढा फरक ओळखता आला की झालं. सभेचं इतिवृत्त घरी येऊन लिहावं. ठिकाणाच्या जागी 'शाळा' लिहायचं की 'मार्कंडा', हा प्रश्न ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेला आहे.

आता पांढरा शर्ट. पश्चिमेकडचा शिक्षक होळीच्या दुसऱ्या दिवशी निश्चिंत असतो, कारण त्याचा रंग पाच दिवसांनी, रंगपंचमीला. तो इस्त्रीचा शर्ट घालून दूध आणायला निघतो. इथे रंग धुळवडीलाच खेळतात. म्हणून त्या सकाळी शर्ट मुद्दाम तोच घालावा आणि ठरवून बाहेर पडावं. रानात पळस फुललेला असतो आणि ज्या घरात ती फुलं उकळून रंग करतात तिथला रंग अंगाला बाधत नाही. शर्टाचं मात्र सांगता येत नाही. पाच दिवसांनी रंगपंचमीला गावी फोन केला की सगळे रंगात असतात आणि तुम्ही वर्गात गुणाकार शिकवत असता. हीच वेळ आहे स्वतःला सांगण्याची की आपली होळी झाली.

८. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : 'काहून जी गुरुजी, सणाले गावाले नाही गेले?' याला काय उत्तर द्यावं?
उत्तर : तिकीट मिळालं नाही, हे खरं कारण सांगावं. लगेच जेवायचं आमंत्रण येईल. 'कंटाळा आला' हे खोटं कारण सांगितल्यासही आमंत्रण येईल. कारणाने फरक पडत नाही.

प्रश्न : घरच्यांना इथे सणाला बोलवावं का?
उत्तर : एकदा अवश्य. आई येताना चार डबे फराळ आणते आणि जाताना तांदळाचं पोतं, वास्त्याचं लोणचं आणि शेजारच्या काकूंचा फोन नंबर घेऊन जाते. त्यानंतर तुमच्या तब्येतीची बातमी तिला तुमच्याआधी कळते.

प्रश्न : बदली?
उत्तर : आंतरजिल्हा बदलीचा अर्ज वेळेवर भरावा. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. आई-वडील थकत असतात, कोणाचा जोडीदार दुसऱ्या टोकाला नोकरी करत असतो. गावालाही हे माहीत असतं. अर्ज भरायला लागणारं नेटवर्क सरपंचांच्याच गच्चीवर मिळतं आणि कागद स्कॅन करून देतो तो तुमचा माजी विद्यार्थीच असतो. फक्त अर्ज भरल्यापासून आदेश येईपर्यंतची वर्षं 'तात्पुरती' म्हणून बाजूला काढून ठेवू नयेत. त्या वर्षांतही पोळा येतो, आणि परीक्षकाची खुर्ची रिकामी ठेवून चालत नाही.

९. मार्गदर्शिकेचा पुढील वापर

पुढच्या भरतीत केंद्रातल्या एखाद्या शाळेवर नवा शिक्षणसेवक येईल. पाठीवर बॅग, चेहऱ्यावर महाराष्ट्र एक्स्प्रेस. त्याला मच्छरदाणी कुठे मिळते ते सांगावं, खोली शोधून द्यावी, पहिले दोन दिवस आपल्याकडे जेवू घालावं आणि ही मार्गदर्शिका वाचायला द्यावी. नाटकाच्या पत्रकातलं विशेष अतिथीचं पद आणि त्याबरोबरची वर्गणीची पावती मोठ्या मनाने त्याच्याकडे सोपवावी. सभेचं इतिवृत्त, बोजाऱ्याचे सुटे पैसे, धुळवडीचा शर्ट, सगळं समजावून द्यावं.

तान्ह्या पोळ्याचं परीक्षण मात्र देऊ नये. तो मागेल, 'सर, यंदा मी बसतो' असं लाघवी बोलेल, गावातले दोन-चार जणही त्याची बाजू घेतील. ठाम राहावं. त्याला अजून मुलांची नावंसुद्धा नीट माहीत नाहीत.